साउंड कार्डमधून अचानक येणारे मोठे आवाज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यातील नौपाडा, वर्तकनगर आणि घोडबंदर रस्ता, तसेच खाडीपलीकडील ऐरोली, वाशी व नेरूळ या भागांतील घरांत जाऊन संगणकाच्या आवाजाच्या तक्रारी पाहण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे. आवाज न येणे ही सर्वांत जास्त वेळा येणारी तक्रार आहे आणि ती निस्तरणे सहसा सोपे असते. अचानक कानठळ्या बसवणारा आवाज येणे ही तक्रार त्या मानाने कमी येते; परंतु बाकीच्या बिघाडांत काम अडते, तर या बिघाडात कान दुखावतो, म्हणून मी ती सर्वांत गंभीर मानतो. या विषयावर लोक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत.

अचानक मोठा आवाज सुरू झाला, तर त्या क्षणी काय करावे?

हेडफोन कानांवरून काढावेत. हे वाक्य अनावश्यक वाटेल, परंतु बहुतेक लोक त्या क्षणी हेडफोन कानांवर तसेच ठेवून पडद्यावर व्हॉल्यूमची पट्टी शोधू लागतात, आणि ती सापडेपर्यंत पाच-दहा सेकंद निघून जातात. संगणक गोठला असेल, तर पट्टी सापडूनही उपयोग होत नाही. अशा वेळी साउंड कार्ड, म्हणजे संगणकातून आवाज बाहेर काढणारा भाग, स्मृतीतील आवाजाचा शेवटचा छोटा तुकडाच पुन्हा पुन्हा वाजवीत राहते. त्यातून 'टर्रर्र' असा एकसुरी, अखंड आवाज येतो आणि माउस हलवून तो थांबत नाही.

स्पीकर असतील, तर स्पीकरचे स्वतःचे बटण किंवा त्याच्या प्लगचा स्विच बंद करावा. अ‍ॅम्प्लिफायर चालू असताना संगणकातून जॅकची पिन ओढून काढू नये, कारण पिनेचे टोक बोटाला किंवा टेबलाच्या धातूला लागले की पहिल्यापेक्षा मोठा घुमारा निघतो आणि स्पीकरमधील उंच स्वरांचा छोटा पडदा त्याने जळू शकतो.

त्यानंतरचा शोध चालू असताना हेडफोन पूर्ण वेळ टेबलावर ठेवावेत. टेबलावर ठेवलेल्या हेडफोनमधून बिघाडाचा आवाज हातभर अंतरावरूनही व्यवस्थित ऐकू येतो. 'आता गेला का बघू या' म्हणून ते पुन्हा कानांना लावण्याची चूक मी स्वतः उमेदवारीच्या काळात केली आहे, आणि त्यानंतर दोन दिवस डाव्या कानात बारीक शीळ वाजत राहिली होती.

अशा एखाद्या क्षणाच्या आवाजाने कानाला खरोखर इजा होते का?

होऊ शकते. कामाच्या ठिकाणच्या गोंगाटासाठी वापरला जाणारा एक प्रचलित निकष असा आहे, की ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत चालतो आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ८८ डेसिबलला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, आणि १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे. चांगले हेडफोन पूर्ण व्हॉल्यूमला १०० डेसिबलच्या वर सहज जातात. शिवाय अचानक आलेल्या आवाजापासून कानाला सावरण्यास वेळच मिळत नाही.

अशा प्रसंगानंतर कानात शीळ वाजणे, दडा बसल्यासारखे वाटणे किंवा एका बाजूने कमी ऐकू येणे ही लक्षणे एक दिवस उलटूनही राहिली, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. एका कानाने एकाएकी ऐकू येईनासे झाले असेल, तर एक दिवससुद्धा थांबू नये. या तक्रारीवर पहिल्या काही दिवसांत केलेल्या उपचारांचाच जास्त उपयोग होतो.

दोष संगणकात आहे, तारेत आहे की स्पीकरमध्ये आहे, हे कसे ओळखावे?

माझ्या मते सगळ्या तपासणीचे मूळ या प्रश्नात आहे. लोक घाईने ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) काढतात, विंडोज नव्याने टाकतात, नवे कार्ड विकत आणतात. परंतु आवाज वाटेत नेमका कोठे शिरतो हे आधी ठरवले नाही, तर ही सगळी मेहनत वाया जाण्याची शक्यता असते.

संगणकातील आवाज आधी आकड्यांच्या रूपात असतो. साउंड कार्डवरील एक चिप त्या आकड्यांचे विजेच्या दाबात रूपांतर करते, आणि पुढे तो दाब तारेतून अ‍ॅम्प्लिफायरकडे व स्पीकरकडे जातो. आकड्यांच्या टप्प्यातील दोष आणि विजेच्या टप्प्यातील दोष यांची कारणे पूर्णपणे वेगळी असतात. त्यांची फारकत करण्यासाठी स्पीकरचे बटण मध्यावर ठेवावे आणि बिघाडाचा आवाज चालू असताना संगणकातील व्हॉल्यूमची पट्टी हळूहळू शून्यावर आणावी. पट्टीबरोबर आवाज कमी होत गेला, तर दोष पट्टीच्या आधी, म्हणजे प्रोग्रॅम, ड्रायव्हर किंवा आकड्यांच्या वाहतुकीत आहे. पट्टी शून्यावर येऊनही आवाज तसाच राहिला, तर तो पट्टीनंतर, म्हणजे कार्डाच्या विद्युत भागात, तारेत, अर्थिंगमध्ये किंवा स्पीकरमध्ये शिरत आहे.

दुसऱ्या प्रकारात पुढची पायरी अशी. स्पीकर बंद करावा, संगणकातून पिन काढावी, पिनेचे टोक कशालाही लागणार नाही असे ठेवावे, बटण अगदी कमी करून स्पीकर पुन्हा चालू करावा आणि मग बटण थोडे वाढवावे. आवाज गेला असेल, तर तो संगणकाकडून किंवा संगणक आणि स्पीकर एकमेकांना जोडल्यामुळे येत होता. तो तसाच असेल, तर संगणकाला सोडून द्यावे आणि स्पीकर दुरुस्तीला न्यावा.

या परीक्षेला एक अपवाद आहे. काही कार्डांत माइकचा आवाज संगणकात न शिरता थेट स्पीकरकडे वळवण्याची सोय असते आणि तिची पट्टी वेगळी असते. मुख्य पट्टी शून्यावर आणूनही माइकची खरखर येत राहिली, तर ती वेगळी पट्टी शोधून बंद करावी.

पट्टी २० टक्क्यांवर होती आणि आवाज एकदम पूर्ण क्षमतेने आला. हे कसे झाले?

पडद्यावर एक पट्टी दिसत असली, तरी प्रत्यक्षात तीन-चार पट्ट्या एकामागे एक असतात: गाण्याच्या किंवा व्हिडिओच्या खिडकीतील, त्या प्रोग्रॅमची विंडोजमधील, त्या उपकरणाची, आणि ब्लूटूथ असल्यास हेडफोनच्या आतील. त्यांपैकी एक खाली आणि बाकीच्या वर असतील, तर त्या एकीने जागा सोडताच सगळा आवाज मोकळा होतो.

विंडोज प्रत्येक उपकरणाचा व्हॉल्यूम वेगळा लक्षात ठेवते. यूएसबी हेडफोन नेहमीच्या छिद्राऐवजी दुसऱ्या छिद्रात लावला, तर विंडोज त्याला नवेच उपकरण समजू शकते, आणि नव्या उपकरणाचा व्हॉल्यूम १०० वर असू शकतो. घोडबंदर रस्त्यावरील एका घरात मुलाने माउससाठी जागा करावी म्हणून आजोबांच्या हेडफोनचा प्लग शेजारच्या छिद्रात लावला. आजोबांनी संध्याकाळी नेहमीप्रमाणे नाट्यपद लावले आणि पहिल्या तानेलाच हेडफोन उडवून दिला. कोणतीही वस्तू बिघडलेली नव्हती. अशा हेडफोनचे छिद्र कायमचे ठरवून घ्यावे आणि त्यावर रंगीत चिकटपट्टीची खूण करावी.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी आणखी एक कारण आहे. पल्सऑडिओ या ध्वनिव्यवस्थेत 'फ्लॅट व्हॉल्यूम्स' नावाची पद्धत असते. ती चालू असेल, तर सर्वांत मोठ्याने वाजणाऱ्या प्रोग्रॅमचा व्हॉल्यूम हाच उपकरणाचा व्हॉल्यूम होतो, त्यामुळे एखाद्या प्रोग्रॅमने स्वतःचा व्हॉल्यूम १०० टक्के केला की संपूर्ण संगणक १०० टक्क्यांवर जातो. पल्सऑडिओच्या सेटिंग फाइलमध्ये या पद्धतीसमोर नकार लिहून ती बंद करता येते. उबुंटूसह लिनक्सच्या काही वितरणांत, म्हणजे तयार आवृत्त्यांत, ती मुळातच बंद ठेवलेली असते. फेडोरा या दुसऱ्या वितरणाने २०२१ मध्ये आणि उबुंटूने २०२२ मध्ये पल्सऑडिओच्या जागी पाइपवायर ही नवी ध्वनिव्यवस्था आणल्यापासून ही तक्रार माझ्याकडे जवळजवळ येईनाशी झाली आहे.

या सर्वांवर मी सुचवतो तो उपाय असा, की संगणकातील पट्ट्या ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास ठेवाव्यात आणि रोजचा आवाज स्पीकरच्या किंवा हेडफोनच्या तारेवरील प्रत्यक्ष फिरत्या बटणाने कमी-जास्त करावा. अनेक जण याच्या उलट, स्पीकरचे बटण पूर्ण पिळून संगणकाची पट्टी ५ टक्क्यांवर ठेवतात. तसे केल्यास संगणकातील कोणतीही चूक वीसपट मोठी होऊन बाहेर येऊ शकते. हाताने फिरवलेले बटण कोणताही प्रोग्रॅम परस्पर वर नेऊ शकत नाही.

गाण्याऐवजी पूर्ण व्हॉल्यूमचा 'खर्रर्र' असा धबधब्यासारखा आवाज येतो. साउंड कार्ड जळाले का?

बहुतेक वेळा कार्ड शाबूत असते आणि आकड्यांचा अर्थ चुकीचा लावला जात असतो. साध्या १६ बिटच्या आवाजात प्रत्येक नमुना, म्हणजे आवाजाचे एका क्षणाचे मोजमाप, उणे ३२७६८ ते अधिक ३२७६७ यांच्या दरम्यानचा एक आकडा असतो आणि तो दोन बाइटांत साठवला जातो. १०० हा आकडा म्हणजे अगदी हळू, कुजबुजीसारखा आवाज. परंतु वाचणाऱ्याने त्याच्या दोन बाइटांची अदलाबदल केली, तर १०० चे २५६०० होतात, म्हणजे जवळजवळ कमाल मर्यादेपर्यंतचा आवाज. पुढचा आकडा आणखी भलतीकडे जातो, त्यापुढचा आणखी भलतीकडे, आणि शांत तानपुऱ्याचा क्षणात धबधबा होतो. हा आवाज इतका घातक असण्याचे कारण असे, की मूळ ध्वनी किती हळू होता याचा त्याच्याशी काहीही संबंध उरत नाही.

घरात ही चूक सर्वाधिक वेळा चित्रपट पाहताना होते. पाच किंवा सात स्पीकरसाठी डॉल्बी डिजिटल वा डीटीएस पद्धतीने बांधलेला आवाज प्लेअर न उलगडता तसाच पुढे पाठवतो. त्याला 'पासथ्रू' म्हणतात आणि पुढे होम थिएटरचा रिसीव्हर असेल तर ते योग्यच आहे. पण पुढच्या उपकरणाने ती बांधलेली माहिती साधा आवाज समजून वाजवली, तर पूर्ण क्षमतेची खरखर सुरू होते. व्हीएलसी, कोडी किंवा वापरात असलेल्या अन्य प्लेअरच्या ध्वनी सेटिंगमध्ये पासथ्रू बंद करावे आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाजाचा प्रकार 'पीसीएम', म्हणजे न बांधलेला साधा आवाज, ठेवावा. फक्त काही चित्रपटांनाच खरखर येते आणि गाणी नीट वाजतात, असे असेल, तर बाकी काही शोधण्याआधी हे पाहावे.

गाणे चालू असताना मध्येच 'चरचर' किंवा 'फट् फट्' आवाज येतो. त्याचे कारण काय?

साउंड कार्डला आकडे अखंड लागतात. ४८००० हर्ट्झच्या वेगाने सेकंदाला ४८००० नमुने वाजतात आणि संगणक ते थोडे थोडे करून एका छोट्या साठ्यात, म्हणजे बफरमध्ये, भरत असतो. बफर २५६ नमुन्यांचा असेल, तर तो सुमारे ५.३ मिलिसेकंदांत रिकामा होतो. ६४ चा असेल तर १.३ मिलिसेकंदांत, आणि १०२४ चा असेल तर सुमारे २१ मिलिसेकंदांत. त्या अवधीत नवा भरणा झाला नाही, तर आवाजाची रेघ मध्येच तुटते, आणि तुटलेल्या रेघेची कड स्पीकरमधून 'फट्' अशी ऐकू येते.

भरणा उशिरा होतो तो बहुधा दुसऱ्या एखाद्या ड्रायव्हरने प्रोसेसर अडवून ठेवल्यामुळे. वायफायचा ड्रायव्हर हा त्यातील नेहमीचा संशयित. विंडोजवर लेटन्सीमॉन हा प्रोग्रॅम दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवला, तर कोणता ड्रायव्हर किती वेळ अडवतो ते तो नावानिशी दाखवतो. वायफाय क्षणभर बंद करून आवाज सुधारतो का हे पाहणे ही त्याहून सोपी परीक्षा आहे. रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी बफर वाढवून पाहावा. गाणे ऐकताना २१ मिलिसेकंदांचा उशीर कळतही नाही, मात्र हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज ऐकत गाताना तो जाणवतो, त्यामुळे गाताना लहान आणि नंतर मिश्रण करताना मोठा बफर ठेवावा.

यूएसबी कार्ड हबमध्ये न लावता थेट संगणकात लावावे. विंडोजच्या पॉवर सेटिंगमधील 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करावे. प्रोग्रॅम आणि कार्ड यांपैकी एक ४४१०० वर आणि दुसरे ४८००० वर असेल, तर दोन्ही एकाच वेगावर आणावेत. ध्वनी सेटिंगमधील 'एन्हान्समेंट्स' हा सगळा प्रकारच बंद करून पाहावा. माझ्या अनुभवात त्याने आवाज सुधारण्यापेक्षा बिघडण्याचेच प्रसंग जास्त आले आहेत.

स्पीकरमधून सतत 'घुंऽऽ' असा जाड आवाज येतो आणि चार्जर लावला की तो एकदम वाढतो. हे काय आहे?

साउंडवाले याला 'हम' म्हणतात. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून हा आवाज ५० हर्ट्झचा आणि त्याच्या पटींतील, म्हणजे १०० व १५० हर्ट्झचा असतो. नेरूळला गाण्याचे वर्ग घेणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी मला दूरध्वनीवर सांगितले, की स्पीकरमध्ये आपोआप पांढरी पाचचा सूर लागतो, पण तो किंचित चढा आहे. मी घरबसल्याच चार्जर काढून पाहण्यास सांगितले आणि सूर थांबला. खर्जातील पांढरी पाच ९८ हर्ट्झला येते आणि विजेचा हम १०० हर्ट्झला; इतका बारीक फरक त्यांच्या कानाने टिपला होता, त्यामुळे मला कोणतेही यंत्र लावावे लागले नाही.

याचे कारण असे, की लॅपटॉपचा चार्जर एका सॉकेटमधून अर्थिंगला जोडलेला असतो आणि अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या सॉकेटमधून. आवाजाच्या तारेने ही दोन्ही उपकरणे जोडली की अर्थिंगचा एक बंद वेढा तयार होतो, त्यातून अगदी थोडा प्रवाह वाहतो आणि तो तारेच्या जाळीतून आवाजात मिसळतो. पहिला उपाय म्हणजे दोन्ही उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावणे. त्याने भागले नाही, तर आवाजाच्या तारेत ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी लावावी. तिच्यात छोटे ट्रान्सफॉर्मर असतात आणि ते विजेचा थेट संबंध तोडून फक्त आवाज पुढे पाठवतात. गणेशोत्सवात मंडळाचा लॅपटॉप मिक्सरला जोडताना साउंडवाले डीआय बॉक्स वापरतात, तोही हेच काम करतो.

चार्जरच्या किंवा अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगमधील अर्थची जाड पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कृपया ऐकू नये. हम जातो हे खरे आहे. पण त्यानंतर उपकरणाच्या आत एखादी तार सुटून धातूच्या खोक्याला लागली, तर २३० व्होल्टला वाट उरते ती केवळ हात लावणाऱ्याच्या शरीरातून. लहान मुले असलेल्या घरांत अशी कापलेली पिन मी पाहिली आहे, आणि तेथे मी हम बाजूला ठेवून आधी प्लग बदलला आहे.

जुन्या इमारतींत काही वेळा सॉकेटला तीन छिद्रे असतात, परंतु अर्थच्या छिद्रामागे तारच नसते. अशा घरांत डेस्कटॉपच्या पेटीला हात लावल्यास बारीक मुंग्या येतात आणि चालू टीव्हीला किंवा स्पीकरला तार जोडताना ठिणगीसह 'फट्' असा मोठा आवाज येतो. तेथे सर्व उपकरणे बंद असतानाच तारा जोडाव्यात आणि परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. हा खर्च साउंड कार्डावर होणाऱ्या खर्चाच्या आधी करावा.

पंख्याचा रेग्युलेटर फिरवला किंवा फ्रिज सुरू झाला की स्पीकरमध्ये 'टक्' होते. काळजीचे आहे का?

सहसा नाही. स्विचमधील ठिणगीचा ठोका तारेत शिरतो. आवाजाची तार विजेच्या तारांना चिकटून समांतर नेऊ नये, जाळीदार आवरणाची चांगली तार वापरावी आणि संगणकाचा बोर्ड फ्रिजपासून वेगळ्या सॉकेटवर ठेवावा. हा ठोका फार मोठा असेल, तर त्या स्विचचे संपर्क झिजलेले असतात.

'टिट-टिटिट-टिटिट' असा आवाज येऊन काही क्षणांनी मोबाइल वाजतो. हे कशामुळे?

टू-जी पद्धतीचा मोबाइल सेकंदाला सुमारे २१७ वेळा थांबून थांबून लहरी सोडतो, आणि त्या लहरी स्पीकरच्या तारेत उतरतात. मोबाइल स्पीकरपासून हातभर दूर ठेवावा. संगणकाचा यात काही दोष नाही.

संगणक सुरू किंवा बंद करताना स्पीकरमध्ये 'धप्प' असा दणका बसतो. तो कसा टाळावा?

संगणक सुरू होताना कार्डाच्या बाहेर पडणाऱ्या तारेवरील विजेचा दाब शून्यावरून एकदम बदलतो आणि अ‍ॅम्प्लिफायर त्या बदलालाच आवाज समजून मोठा करतो. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर सर्वांत शेवटी चालू करावा आणि सर्वांत आधी बंद करावा. मंडळांतील अनुभवी साउंडवाले हा क्रम कधीही चुकवत नाहीत. घरी मात्र संगणक, स्पीकर, मॉनिटर असे सगळे एकाच बोर्डवर असते आणि एकच स्विच दाबला जातो, म्हणून तो दणका रोज बसतो.

गाणे थांबल्यानंतर काही सेकंदांनी आणि पुढचे सुरू होताना असा हलका 'टक्' येत असेल, तर वीज वाचवण्यासाठी साउंड चिप झोपी जात आहे. विंडोजमध्ये पॉवर सेटिंग आणि ड्रायव्हरच्या गुणधर्मांतील वीजबचत बंद करावी. लिनक्समध्ये इंटेल एचडीए ड्रायव्हरच्या 'पॉवर सेव्ह' या सेटिंगचे मूल्य शून्य करावे.

ऑनलाइन बैठकीत अचानक कर्कश शिट्टी सुरू होते. ती कशी थांबवावी?

माइक शिट्टी मारतो तेव्हा स्पीकरचा आवाज माइकमध्ये, तेथून पुन्हा स्पीकरमध्ये असा फिरत वाढत असतो. एकाच खोलीत दोन जण दोन लॅपटॉपवरून एकाच बैठकीत बसले की हे हमखास होते. सोसायटीच्या ऑनलाइन सभेत पती-पत्नी दोघेही हजर असतात, तेव्हा मला हीच तक्रार ऐकू येते. एकाने आपला माइक आणि स्पीकर दोन्ही बंद करावेत. केवळ माइक बंद करून भागत नाही, कारण त्याचा स्पीकर दुसऱ्याच्या माइकमध्ये वाजतच राहतो.

एकच संगणक असूनही शिट्टी येत असेल, तर माइकच्या सेटिंगमधील 'लिसन टू धिस डिव्हाइस' हा पर्याय चालू आहे का ते पाहावे, आणि 'माइक बूस्ट' कमी करावा. २० डेसिबलचा बूस्ट म्हणजे दाबाची दहापट वाढ, आणि ३० डेसिबलचा म्हणजे बत्तीसपटीच्या आसपास. घरातील माइकला ३० ची गरज क्वचितच असते.

पावसाळ्यात हेडफोनची पिन हलवली की मोठी खरखर येते आणि उन्हाळ्यात ती जाते. असे का होते?

खाडीलगतच्या भागांत ही तक्रार दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये वाढते. ऐरोलीतील एका घरी मी पिन खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. टोकाकडील सोनेरी मुलामा गेला होता, दोन काळ्या रेघांमधल्या कड्यावर हिरवट, पावडरसारखा थर बसला होता, आणि नखाने खरवडल्यावर खाली तांबूस पितळ दिसले. खारट, दमट हवेने असा थर धरला की पिन आणि जॅकमधील संपर्क ठिपक्या-ठिपक्यांनी होतो. पिन हलली की तो तुटतो आणि जुळतो, आणि प्रत्येक तुटणे एक फटका होऊन बाहेर येते. एका वाहिनीचा आवाज मध्येच दुप्पट झाल्यासारखा वाटणे हेही याच दोषाचे लक्षण आहे.

पिन आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती कापडाने पुसावी. जॅकच्या आत इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी असलेल्या कॉन्टॅक्ट क्लीनरचा अगदी छोटा फवारा मारावा, पिन आठ-दहा वेळा आतबाहेर करावी आणि पूर्ण वाळल्यावरच संगणक चालू करावा. या सगळ्या वेळात संगणक बंद आणि लॅपटॉपचा चार्जर काढलेला असावा. खोबरेल तेल किंवा शिवणयंत्राचे तेल घालू नये. त्यावर धूळ बसते आणि पुढच्या पावसाळ्यात संपर्क आणखी बिघडतो. मुलामा पूर्ण गेलेली पिन पुसून टिकत नाही, ती बदलावी.

साउंड कार्डच खराब झाले आहे, हे खात्रीने कधी म्हणता येते?

पेनड्राइव्हवर उबुंटू टाकून संगणक त्यावरून सुरू करावा. असे केल्याने डिस्कवरील विंडोजला धक्का लागत नाही. तेथेही तोच आवाज तसाच आला, तर विंडोज आणि तिचे ड्रायव्हर निर्दोष ठरतात. त्याच वेळी एखादे साधे यूएसबी साउंड कार्ड लावून पाहावे. त्यातून आवाज स्वच्छ आला आणि मदरबोर्डच्या जॅकमधून खराब आला, तर मदरबोर्डवरील ध्वनीचा भाग बिघडला आहे. आता तो भाग वेगळा काढता येत नाही, कारण १९९७ मध्ये आलेल्या एसी-९७ आणि २००४ मध्ये आलेल्या एचडी ऑडिओ या मानकांनंतर साउंड कार्ड बहुधा मदरबोर्डवरच बसवलेले असते. अशा वेळी मदरबोर्ड बदलू नये. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन ऑनबोर्ड ऑडिओ (मदरबोर्डवरील ध्वनीचा भाग) बंद करावा आणि यूएसबी कार्ड कायमचे वापरावे.

आवाज महिन्यातून एकदाच येतो आणि दुरुस्ती करणारा आला की येत नाही. अशा वेळी काय करावे?

संगणकाजवळ एक वही ठेवावी. आवाज आला की वेळ, कोणता प्रोग्रॅम चालू होता, चार्जर लावलेला होता का, इन्व्हर्टरवर वीज होती का, पाऊस होता का आणि पट्टी खाली केल्यावर आवाज कमी झाला का, एवढे लिहावे. शक्य असल्यास मोबाइल स्पीकरपासून दूर धरून तो आवाज ध्वनिमुद्रित करावा. वर्तकनगरमधील एका निवृत्त मुख्याध्यापकांनी अशा सहा नोंदी मला दाखवल्या. सहाही वेळा दुपारी वीज गेलेली होती आणि संगणक इन्व्हर्टरवर चालत होता. तो इन्व्हर्टर स्वस्त प्रकारचा होता आणि त्याची वीज गुळगुळीत लहरीऐवजी पायऱ्यापायऱ्यांची होती. त्या पायऱ्यांच्या कडा स्पीकरच्या जुन्या अडॅप्टरमधून आवाजात उतरत होत्या. अडॅप्टर बदलल्यावर पुढच्या वेळी वीज गेली तेव्हा त्यांनी वहीत सातवी नोंद केली: 'दुपारी ३.१०, वीज नाही, आवाज नाही.'